घर पाहायला आलेला याजक

शास्त्रपाठ : लेवीय १४:३३-४२, २ शमुवेल २४:१-१०, मार्क ६:३४-४४



मागील महिन्यात आमच्या तरुण संघातील काही मुलेमुली एक कागद घेऊन माझ्याकडे आली. बालाघाट जिल्ह्यात, वारासिवनी तहसिलीत, चंदन नदीच्या काठी रामपायली गाव आहे. त्या भागातील एका वस्तीत घरोघर जाऊन कुटुंबांच्या आरोग्याची व राहणीची पाहणी करावी असा त्यांचा विचार होता. कागदावर चाळीस प्रश्न होते. घराच्या भिंती मातीच्या की विटांच्या, छपरावर कवेलू की पत्रे, पाणी कोठून आणता, शौचालय आहे काय, असल्यास वापरता काय, चुलीला जळण कोणते, मुले किती झाली, जगली किती, घरात कोणाला जुनाट खोकला आहे काय, कोणी दारू पितो काय. "पाळकसाहेब, एकदा तपासून द्या, म्हणजे छापायला टाकतो," असे ते म्हणाले.

मुलांचा उत्साह पाहून मला आनंद झाला. तरीही त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही. त्याचे कारण सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी, मी शिकत असताना, आम्ही काही विद्यार्थी असाच कागद घेऊन एका वस्तीत गेलो होतो. एका झोपडीत एक बाई सूप घेऊन तांदूळ पाखडीत बसली होती. मुले किती झाली असे मी विचारले. ती म्हणाली, पाच. जगली किती? तीन. मी रकान्यात "मृत : २" असे लिहिले व पुढचा प्रश्न वाचू लागलो. ती उत्तर देईना. मान वर करून पाहिले तेव्हा सूप खाली ठेवून ती रडत होती. त्या दोन मुलांची नावेसुद्धा मी विचारली नव्हती. आम्ही दोनशेवर घरे केली, आकडे जुळविले, अहवाल लिहिला, त्याला चांगले गुण मिळाले. कागद एका कपाटात गेले आणि पुढे त्यांना वाळवी लागली. त्या वस्तीत मी पुन्हा गेलो तो बारा वर्षांनंतर, तोही एका अंत्यविधीच्या निमित्ताने. तेथे एक म्हातारी मला ओळखून म्हणाली, "बाबू, मागल्या खेपेला तुम्ही लिहून नेलं होतं जी. त्याचं काय झालं?"

त्या प्रश्नाला माझ्याजवळ आजही उत्तर नाही.

म्हणून मुलांचा कागद बाजूला ठेवून मी पवित्र शास्त्र उघडले. लोकांची मोजदाद करणे देवाला आवडते की नाही, हे मला पाहायचे होते. शास्त्रात मोजणी पुष्कळ ठिकाणी आहे. रानात इस्राएलाची गणती खुद्द देवाच्या आज्ञेने झाली. मात्र दावीद राजाने केलेली गणती देवाच्या दृष्टीने पाप ठरली. यवाबासारखा कठोर सेनापतीसुद्धा राजाला विनवीत होता की हे करू नये. राजाने ऐकले नाही. नऊ महिने वीस दिवस अधिकारी देशभर फिरले आणि आकडा घेऊन आले : इस्राएलात आठ लाख, यहूदात पाच लाख. हे कोणाचे आकडे होते? तरवार धरू शकणाऱ्या पुरुषांचे. आजारी माणूस त्यात नव्हता, विधवा नव्हती, दूधपिते मूल नव्हते. राजाला आपले बळ किती आहे हे पाहायचे होते. आपल्या प्रजेला काय दुखते हे पाहायचे नव्हते. पुढे त्याचे मन त्याला खाऊ लागले, आणि मरी आली तेव्हा सत्तर हजार माणसे गेली. ज्यांची संख्या पाहून राजा सुखावला होता तीच ही माणसे.

ही कथा वाचली की मला आपली मंडळ्यांची रजिस्टरे आठवतात. बाप्तिस्मे किती, दृढीकरण किती, प्रभुभोजनाला बसणारे किती, वर्गणी किती, हे सर्व त्यात नीट लिहिलेले असते. वार्षिक सभेत ते वाचून दाखविले जाते आणि आकडा वाढला असेल तर सर्वांना बरे वाटते. पण मागच्या बाकावर बसणारी बहीण जिना चढताना का धापा टाकते, हे कोणत्या रकान्यात आहे? आपल्याच मंडळीत क्षयाच्या गोळ्या लपवून घेणारा भाऊ असतो. आपण त्याच्या शेजारी उभे राहून गीत गातो, आणि आपल्याला ठाऊक नसते.

आता लेवीयाचा चौदावा अध्याय पाहा. हा अध्याय आपण बहुधा गाळून पुढे जातो. घराच्या भिंतीवर चट्टा पडला तर काय करावे, असा तेथील विषय आहे. हिरवट किंवा तांबूस रंगाचे, भिंतीत खोल गेलेले चट्टे. ओल धरलेल्या मातीच्या घरात ज्यांनी पावसाळा काढला आहे त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. घरधनी याजकाकडे जाऊन सांगतो की मला आपल्या घरात काहीतरी दिसते आहे. मग याजक घर पाहायला निघतो. परंतु निघण्यापूर्वी तो एक आज्ञा देतो : मी आत येण्याआधी घरातील सर्व सामान बाहेर काढा. का? तो आत आला आणि घर अशुद्ध ठरले तर आतील सर्व वस्तू अशुद्ध ठरतील. गरिबाची मडकी, अंथरूण-पांघरूण, दाण्यांची कणगी सगळेच जाईल. तसे होऊ नये म्हणून याजक पाहणी करण्याआधीच त्या कुटुंबाचे नुकसान टाळतो. अधिकार हातात असलेल्या माणसाने चौकशीला येण्यापूर्वी ही काळजी घ्यावी, असे नियमशास्त्रात लिहिलेले आहे.

पुढे वाचा. याजक चट्टा पाहतो, बाहेर येतो आणि घर सात दिवस बंद ठेवतो. सातव्या दिवशी तो परत येतो. हे परत येणे त्याच्या मर्जीवर सोडलेले नाही, ते नियमातच आहे. परत आल्यावर चट्टा पसरलेला दिसला तर तो कागदावर शेरा मारून जात नाही. बिघडलेले दगड काढविले जातात, भिंती खरवडल्या जातात, दुसरे दगड बसवून नवा गिलावा होतो. इतके करूनही दोष पुन्हा उठला तर घर पाडावे लागते, हेही तेथे आहे; पण तो शेवटचा उपाय आहे.

दावीदाचे अधिकारीही घरोघर गेले आणि याजकही घरी गेला. दोघांनीही पाहिले, दोघांनीही नोंद केली. एक मात्र सातव्या दिवशी परत आला. मी त्या वस्तीत अधिकाऱ्यांसारखा गेलो होतो, हे मला चाळीस वर्षांनंतर कळले.

कोणी म्हणेल की पाळकाने आत्म्यांचे पाहावे, संडास व चूल पाहण्यास सरकार आहे. सरकार पाहते, हे खरे. २०११ च्या जनगणनेत घरयादी करताना भिंत, छप्पर, पाणी, शौचालय व जळण विचारले गेले होते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी केली, तेव्हा देशातील सहा लाखांहून अधिक घरांत माणसे गेली. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तपासला, लेकरांची उंची व वजन घेतले. त्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५७ जणींना रक्तक्षय असल्याचे आढळले. पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी ३५ ते ३६ मुले वयाच्या मानाने खुरटलेली होती. हे आकडे मोलाचे आहेत. पण ते देशाचे आहेत. त्यांतून आपल्या गल्लीतील खुरटलेले मूल कोणते, हे कळत नाही. ते कळण्यास कोणीतरी शेजाऱ्याने जावे लागते. आणि जो भाऊ उघडा व उपाशी आहे त्याला "सुखाने जा, ऊब घे" असे नुसते बोलून पाठविणाऱ्यांस याकोबाने काय विचारले आहे, ते आपणांस ठाऊक आहे.

शेजाऱ्यासारखे जाऊन काय होते, याचे उदाहरण आपल्याच लोकांमध्ये आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि अहमदनगर जिल्ह्यातील वडाळ्याच्या मिशन इस्पितळात सेवेस होते. तेथे त्यांनी पाहिले की रोगी बरा होऊन जातो आणि तेच दूषित पाणी पिऊन, तीच उपासमार सोसून पुन्हा येतो. १९७० साली ते जामखेडला गेले. लोकांना विचारले तेव्हा लोकांनी आधी औषध मागितले नाही, त्यांना अन्न व पाणी हवे होते. लवकरच १९७२ चा दुष्काळ आला. डॉक्टरांनी आपला आराखडा बाजूला ठेवून लोकांच्या उत्तराप्रमाणे काम धरले. विंधन विहिरींची जागा दलित वस्त्यांत निघाली, आणि इतरांनाही पाण्यासाठी तेथे यावे लागले. मग गावातूनच बाया निवडल्या गेल्या. त्यांतील कित्येकींना अक्षर येत नव्हते. त्यांना शिकवून आरोग्यसेविका केले. कोणत्या घरात कोण गरोदर आहे, कोणाचे लेकरू वाळते आहे, कोणाला क्षय आहे, कोणाच्या अंगावर कुष्ठाचा डाग आहे, हे त्यांना तोंडपाठ असे. कारण त्या पाहणीला आलेल्या पाहुण्या नव्हत्या, त्याच गावात राहत होत्या. १९७१ मध्ये त्या भागात जन्मलेल्या हजार मुलांपैकी १७६ मुले वर्षाची होण्यापूर्वीच दगावत असत. पुढे काही वर्षांतच हा आकडा निम्म्याहून खाली आला. १९७९ मध्ये या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलबाई १९९९ मध्ये आणि डॉ. रजनीकांत २०११ मध्ये प्रभूकडे गेले; पण त्यांनी शिकविलेल्या बायांची वाट आजही देशोदेशीचे लोक शिकायला येतात.

दुसरे उदाहरण रामपायलीपासून फार दूर नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. शंभरातील ९२ स्त्रियांना स्त्रीरोगाची काही ना काही पीडा होती, आणि त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या शंभरात अवघ्या ८. बंधूंनो, हा आकडा मी अनेकदा वाचला आहे. त्या स्त्रिया रोवणीला गेल्या, पाणी भरले, लेकरे वाढविली. पण तुला काय दुखते असे त्यांना कोणी विचारले नव्हते. बारा वर्षे रक्तस्राव सोसणारी स्त्री गर्दीत मागून येऊन प्रभूच्या वस्त्राला शिवली, तेव्हा प्रभू थांबला. शिष्यांना त्याची घाई होती. जाईराची मुलगी मरणपंथाला लागली होती. तरीही तो थांबला आणि त्या स्त्रीने आपली सर्व हकीकत सांगेपर्यंत पुढे गेला नाही.

आता मुलांनो, तुमच्या कागदाविषयी.

मी तुमचे चाळीस प्रश्न घेऊन बसलो आणि प्रत्येकाच्या पुढे एकच गोष्ट लिहू लागलो : याचे उत्तर "होय" आले तर आपण काय करणार? खोकला दोन आठवड्यांहून अधिक आहे असे कोणी म्हणाले, तर थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. त्याला तेथे घेऊन जाणारा माणूस आपल्याजवळ आहे काय? असेल तर प्रश्न विचारा. लेकराच्या दंडाला बांधायची मोजपट्टी मिळते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला तर ते मूल धोक्यात आहे, साडेअकरा ते साडेबारा असेल तर काळजी घ्यावी लागते. अंगणवाडीत नाव घालणे, गरज पडल्यास पोषण पुनर्वसन केंद्रात आईसह पोचविणे, हे आपण करू शकतो. मग मोजा. त्या भागात सिकलसेलचाही आजार आढळतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि रक्त तपासून कार्ड दिले जाते. आईबाप दोघेही वाहक असतील तर दर गरोदरपणी मुलाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. लग्न लावणाऱ्या आम्हा पाळकांना हे ठाऊक असले पाहिजे, आणि ठाऊक असूनही कोणाच्या मुलीचे नाव चव्हाट्यावर येता कामा नये. याजकाने सामान आधी बाहेर काढविले ते यासाठीच.

"कोणी दारू पितो काय" हा प्रश्न मी खोडला आहे. नवऱ्यासमोर बायकोला तो विचारलात तर तुम्ही गेल्यावर त्या घरात रात्री काय होईल, याचा विचार करा. ज्याला दारू सोडायची आहे त्याच्यासाठी आपल्याजवळ आज काही नाही. ते जमले म्हणजे विचारू. "वापरात नसलेल्या शौचालयाचे कारण" हाही खोडला. पाणी डोक्यावरून आणावे लागते, हे कारण तुम्हाला उंबरठ्यावरूनच दिसेल. घरात बोलणे मराठीत होते की पोवारीत की गोंडीत, ते पाहून त्या बोलीत विचारा. छापील हिंदी वाचून दाखवू नका. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बालाघाट मध्य प्रदेशात राहिले म्हणून आजीची बोली बदलली नाही. बायांना मुलींनीच विचारावे. मेलेल्या लेकराचे नाव विचारावे, आणि ती सांगत असताना पेन खाली ठेवावे.

रोवणीच्या दिवसांत जाऊ नका. सकाळपासून चिखलात वाकलेली बाई संध्याकाळी तुमच्या प्रश्नांना उत्तरे देईलही, कारण दारी आलेल्याला नाही म्हणण्याची तिला सवय नाही; पण तिचा तो अर्धा तास तुमचा नाही.

जे चांगले दिसेल तेही लिहा. २०११ च्या जनगणनेत बालाघाट जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १०२१ स्त्रिया होत्या. ज्या देशात पोटातील मुलगी खुडली जाते तेथे हा आकडा उपकारस्तुतीचा आहे. सारवलेले अंगण, शेजारणीच्या तान्ह्याला दूध पाजणारी बाई, म्हाताऱ्या सासूला उन्हात आणून बसविणारी सून हीदेखील त्या वस्तीची राहणीच आहे. तुमच्या कागदावर त्यासाठी जागा नव्हती, मी खाली चार ओळी मोकळ्या सोडल्या आहेत.

गावाचे नाव रामाच्या पायाशी जोडणारी दंतकथा तिकडे सांगतात. मला मात्र ते नाव ऐकले की आमच्या घरची धान्य मोजायची पायली आठवते. माझी आई शेजारणीला उसने तांदूळ देताना पायली हलवून, दाबून, वर शीग येईपर्यंत भरीत असे, आणि परत घेताना सपाट घेई. ज्या मापाने मोजाल त्याच मापाने तुम्हाला मोजून मिळेल असे प्रभूने सांगितले, तेव्हा त्याच्या मनात अशीच एखादी बाई असावी असे मला लहानपणी वाटे.

प्रभूनेही एकदा शिष्यांना पाहणीला पाठविले होते. रानात हजारो माणसे भुकेली, संध्याकाळ झालेली. शिष्य म्हणत होते, यांना गावांत पाठवून द्या. त्याने विचारले, तुमच्याजवळ भाकरी किती आहेत? जाऊन पाहा. ते पाहून आले : पाच भाकरी, दोन मासे. मी हा भाग अनेक वर्षे शिकविला, पण लोकांची भूक मोजण्याआधी त्याने शिष्यांची शिदोरी मोजविली, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. म्हणून कागदाच्या पहिल्याच पानावर मी एक नवा रकाना घातला आहे, तो वस्तीतील कोणी भरायचा नाही. तो आपल्या मंडळीने भरायचा आहे. रोग्याला दवाखान्यात नेण्यास कोणाची मोटारसायकल मिळेल, कोणती परिचारिका भगिनी महिन्यातील एक रविवार दुपार देईल, अर्पणातून किती रुपये बाजूला काढता येतील. तो रकाना रिकामा राहिला तर पाहणी करू नये, असे मी मुलांना सांगितले आहे. ती थोडी नाराज झाली.

चाळीस प्रश्नांचे आता अकरा राहिले आहेत. शेवटी एक ओळ आहे : "परत भेटीची तारीख". ती घरच्या माणसाला विचारून, त्याच्यासमोर लिहायची आहे, आणि तसाच एक कागद त्या घरी ठेवून यायचा आहे.

रोवणी आटोपल्यावर, पोळ्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मुले निघणार आहेत. मीही बरोबर जाईन. लहान मुलांचे वजन करण्याचा काटा कोणाच्या घरी पडून असेल, तर त्यांनी रविवारच्या उपासनेनंतर मला भेटावे.